संत्र्याच्या पेटीतून दिल्लीला

मी एक रायफल बोलतेय. दचकू नका, आत्ता मी रिकामी आहे. आमच्या जातीला भरल्या पोटी गप्पा मारता येत नाहीत. तेव्हा एकच शब्द बोलायचा असतो, तोही मोठ्यानं. म्हणून रिकाम्या पोटी निवांतपणे सांगते.

माझा जन्म बंगालमधल्या एका सरकारी कारखान्यात झाला. नळी तिथल्या भट्टीतली, दस्ता डोंगराकडच्या अक्रोडाचा. मी लहान बोराची, म्हणजे नळी बारीक आणि गोळी चिमुकली. वाघ माझ्या वाटेला जात नाही, म्हणजे खरं तर मीच त्याच्या वाटेला जात नाही. तेल लावून, मेणकागदात गुंडाळून मला नागपूरच्या एका दुकानात धाडलं आणि तिथं एकोणीसशे एकोणसत्तर साली रघुनाथरावांनी मला पसंत केलं.

रघुनाथराव नागपूरच्या उत्तरेला, मध्य प्रदेशात येणाऱ्या सौंसरचे. लोधीखेड्याच्या रस्त्याला त्यांची संत्र्याची बाग आहे. त्या बागेत माकडांनी उच्छाद मांडला होता. एक संत्र खायचं आणि चार चावून फेकायची, असा त्यांचा हिशेब. त्यांना धाक बसावा म्हणून मला आणलं.

पण रघुनाथराव दर शनिवारी जामसांवलीला मारुतीच्या दर्शनाला जाणारे. ज्याच्यापुढं नारळ फोडायचा, त्याच्याच सैन्यावर गोळी कशी झाडायची? पहिल्या दिवशी त्यांनी मला खांद्याला लावून एका थोराड माकडावर रोखलं. माकडानं त्यांच्याकडं पाहिलं. त्यांनी माकडाकडं पाहिलं. मग माझं तोंड हळूहळू आभाळाकडं वळलं आणि मी वाजले. माकडं पळाली. आठ-दहा दिवस हे बरं चाललं. पुढं माकडांच्या लक्षात आलं की हा माणूस आभाळाला मारतो. मग मी वाजले की ती पळायची नाहीत, नुसती वर बघायची, काही पडतंय का म्हणून.

"आमची बंदूक म्हणजे दिवाळीचा फटाका," रघुनाथरावांच्या पत्नी देवकाबाई शेजारणींना सांगायच्या. "पण फटाक्याले निदान लायसन त नाही लागत."

असा माझा उपयोग संपला आणि मी कपाटात गेले. दसऱ्याला बाहेर काढायचे, हळदकुंकू वाहायचे, झेंडूचं फूल ठेवायचे आणि पुन्हा आत. माणसांची ही रीत मी नीट पाहिली आहे. ज्या वस्तूचा उपयोग संपतो तिची पूजा सुरू होते.

रघुनाथरावांचा मुलगा मनोहर याचं लग्न झालं आणि तिगावहून मंगला सून म्हणून घरात आली. कपाट आवरताना तिनं मला पाहिलं. आमच्याकडं सासऱ्याला मामाजी म्हणतात.

"मामाजी, ही चालते का?"

"चालते. पण चालवाची कोणावर?"

दुसऱ्या दिवशी बागेत डालड्याचा रिकामा डबा दोरीनं फांदीला टांगला गेला. मंगलाची पहिली गोळी फांदीला लागली, दुसरी बांधात गेली, तिसरीनं डबा वाजला.

"एक लागली म्हणजे तुक्का," रघुनाथराव म्हणाले. "अजून मार."

ती मारत राहिली. मला खांद्याला लावणाऱ्या माणसांची तोंडं मी फार जवळून पाहते. कुणी डोळा असा मिटतो की अर्धं तोंड वाकडं होतं. कुणी दात खातो, कुणी माझी मान आवळतो, जशी काही मीच पळून जाणार आहे. मंगला तसलं काही करायची नाही. तिचा श्वास हळूच थांबायचा, बोट आपसूक मिटायचं, आणि गोळी गेली हे आम्हा दोघींनाही एकाच वेळी कळायचं. वारा सुटून डबा हलायला लागला की ती थोडं बाजूला धरून मारायची. ते तिला कुणी शिकवलं नव्हतं. चार गोळ्या वाया गेल्यावर तिचं तिलाच समजलं.

सून बंदूक चालवते म्हटल्यावर सौंसरात चर्चा झालीच. देवकाबाईंनी ती ऐकून घेतली आणि घरी येऊन मंगलाला म्हणाल्या, "नेम धरताना पदर दातात काहून धरतं वं? कमरेले खोच. डब्याले काय पदर दिसून राहिला?"

पुढं पांढुर्ण्याला शाळेच्या मैदानावर सव्वीस जानेवारीची नेमबाजी झाली. तिथं मंगला पहिली आली आणि आमचं छिंदवाड्याच्या क्लबात जाणं-येणं सुरू झालं. परवाना रघुनाथरावांच्या नावावर, म्हणून जिथं मी तिथं ते. मंगला माझ्यावर डोळा लावायची आणि मामाजी मागं खुर्चीवर बसून, "लागली का?" विचारायचे. आधी ते उगीच विचारायचे. नंतर त्यांना खरंच दिसेनासं झालं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता.

त्र्याऐंशी साली परवाना नवा करून घ्यायला ते छिंदवाड्याच्या कचेरीत गेले आणि दाराऐवजी खिडकीपाशी जाऊन नमस्कार करते झाले. परवान्याचं काम बघणाऱ्या बाबूंनी ते पाहिलं.

"काका, तुम्हाला दार दिसत नाही आणि मी तुमच्या हाती हत्यार कसं ठेवू?" बाबू माणूस भला होता. "असं करा, सूनबाईंना डिसेंबरात दिल्लीच्या राष्ट्रीय स्पर्धेला न्या. तिथं ठरलेले गुण मिळाले, तर खेळाडू म्हणून रायफल त्यांच्या नावावर करता येईल. नाही मिळाले तर नागपूरच्या दुकानात जमा करून टाका."

दुकानात जमा होणं म्हणजे काय हे मला ठाऊक होतं. तिथल्या मागच्या खोलीत मी काही दिवस काढले होते. भिंतीला टेकून उभ्या असलेल्या, गळ्यात चिठ्ठ्या बांधलेल्या, गंज चढलेल्या बंदुकांची रांग. त्यातली एकही माझ्यादेखत घरी गेली नव्हती. आणि मंगलाला दुसरी रायफल मिळण्यातली नव्हती. दिल्लीला जमलं तर आम्ही दोघी, नाहीतर ती स्वयंपाकघरात आणि मी त्या रांगेत.

छिंदवाड्याची बाकी मंडळी रेल्वेनं पुढं गेली. मंगला निघणार, तोच व्यापाऱ्याचे ट्रक बागेत येऊन उभे राहिले. संत्र्याचा तोडा अर्ध्यावर टाकून जाता येत नाही. बाग रिकामी होईपर्यंत अशी वेळ आली की कुठलीच गाडी स्पर्धेआधी दिल्लीला पोहोचवणार नव्हती. मनोहरनं नागपूरला जाऊन विमानाची दोन तिकिटं आणली.

"बंदुकीले विमानात बसवता," देवकाबाई म्हणाल्या, "अन् मले अजून मोटारीत खिडकीची जागा नाही भेटली."

आता मला न्यायचं कसं हा प्रश्न आला. छिंदवाड्याला मी रजईत गुंडाळून जायचे. विमानात सामान फेकतात, असं मनोहर ऐकून आला होता. तेव्हा लीलाबाईंनी ते काम अंगावर घेतलं. लीलाबाई बागेतल्या पेट्या भरणाऱ्या बायांच्या म्होरक्या.

"मंगलाबाई, फिकर नका करू. आपलं संत्र कलकत्त्याले जाते, दाग नाही लागत. हे त लोखंड हाय."

दोन पेट्या मधली फळी काढून जोडल्या. माझा दस्ता वेगळा केला, नळी वेगळी केली. माझा बोल्ट, ज्याच्याशिवाय मी नुसती काठी, तो कापडी पिशवीत गेला आणि काडतुसं वेगळ्या डब्यात. पेटीत तणसाची, म्हणजे भाताच्या पेंढ्याची गादी, तिच्यावर मी, माझ्यावर तणसाचं पांघरूण. मंगला बाकीचं सामान बांधायला आत गेली. मला वाटलं, झालं. तर लीलाबाईंनी टोपली ओढली आणि माझ्या पांघरुणावर संत्री मांडायला सुरुवात केली. एकसारखी, पिवळीधमक, देठ खाली. आमच्याकडची रीतच आहे. पेटी उघडली की पहिला थर दिसतो, तो पेटीचा चेहरा. चेहऱ्याशिवाय पेटी बागेबाहेर पडत नाही.

"लीलाबाई, हे काय?" एका बाईनं विचारलं.

"मंग काय नुसतं तणस धाडू दिल्लीले? लोक काय म्हणतीन?"

वर फळ्या ठोकल्या, खिळे मारले आणि सवयीनं निळ्या रंगात बागेची खूणही उमटवली. हे सगळं ना मंगलाला ठाऊक, ना रघुनाथरावांना. मला ठाऊक होतं, पण समोरच्याला ऐकू जाईल असं बोलायला पोटात गोळी लागते, आणि माझा तर बोल्टही दुसऱ्या पिशवीत होता.

नागपूरच्या विमानतळावर रघुनाथराव सरळ काउंटरवर गेले. परवाना समोर ठेवून म्हणाले, "बाई, माझ्याजवळ रायफल हाय. काय कराचं असन ते सांगा." काउंटरवरच्या मुलीनं पोलीस इन्स्पेक्टरना बोलावलं. ते शिस्तीचे गृहस्थ होते. परवाना दोनदा वाचला, बोल्ट पाहिला, काडतुसं पाहिली, मान डोलावली.

"ठीक आहे. आता रायफल दाखवा."

पेटीला खिळे. कुणीतरी पाना आणून दिला. रघुनाथरावांनी तो कुणाला दिला नाही. आपली पेटी आपण उघडायची, म्हणून दिसत नसताना स्वतःच फळीखाली घातला आणि जोर लावला. पाना सटकन आत घुसला. एक संत्र फुटलं आणि पान्याचं टोक तणसातून खाली येऊन माझ्या नेम धरायच्या खाचेवर बसलं. माझ्या डोळ्यासमोर काजवे चमकले. पाठोपाठ गारेगार रस ठिबकला.

फळी निघाली. इन्स्पेक्टर वाकले.

"हे काय आहे?"

"रायफल," रघुनाथराव अभिमानानं म्हणाले.

"काका, ही संत्री आहेत."

रघुनाथरावांनी हात घालून चाचपलं. त्यांचा चेहरा उतरला. इन्स्पेक्टरनी तणस बाजूला केलं, मी दिसले आणि त्यांचा आवाज बदलला.

"फळांखाली हत्यार लपवून नेता?"

"लपवणारा सोताहून सांगते काय साहेब?"

"मग संत्री कोणी घातली?"

"मले नाही मालूम."

"म्हणजे तुमच्या पेटीत काय आहे ते तुम्हालाच ठाऊक नाही? आणि अशी पेटी मी विमानात चढवू?"

हे मात्र बिनतोड होतं. इन्स्पेक्टरनी कागद पुढं ओढला. रायफल ठेवून घेतो, रिपोर्ट छिंदवाड्याला पाठवतो, तुम्ही रिकामे जा किंवा परत जा, असं ते म्हणू लागले. तो रिपोर्ट त्या भल्या बाबूंच्या टेबलावर पडला असता, तर दिल्ली काय आणि गुण काय, सगळं तिथंच संपलं असतं. रघुनाथराव खाली बसले. सासऱ्यासमोर परक्या माणसाशी मंगला सहसा बोलत नसे. ती पुढं आली.

"साहेब, ही संत्री लीलाबाईनं ठेवली. आमच्याकडं पेटी तणस दाखवत नाही जात. लग्नातल्या रुखवतावर रुमाल टाकतो ना आपण? तसं हाय हे. लपवाचं असतं त चांगली संत्री कशाला घातली असती? उतरणीची, दागी घातली असती."

इन्स्पेक्टरनी एक संत्र उचलून पाहिलं. खरोखरच चांगलं होतं.

"नियम आहे, बाई. हत्यारासोबत दुसरं काही चालत नाही. शिवाय या प्रत्येक संत्र्याची तपासणी झाली पाहिजे."

"करा ना मंग. सोलूनच पाहा."

दोन शिपाई तपासणीला बसले. एकानं संत्र हातात तोलून पाहिलं, दुसऱ्यानं वास घेतला. मग इन्स्पेक्टरनी सांगितलं म्हणून एक सोललं. सोललेलं ठेवणार कुठं, म्हणून खाल्लं. "काही निघालं का?" इन्स्पेक्टरनी विचारलं. "बी निघाली साहेब," शिपाई म्हणाला. काउंटरवरची मुलगी हसली. तिलाही एक तपासायला मिळालं. रांगेतल्या प्रवाशांनी आपणहून तपासणीत मदत केली. शेवटी इन्स्पेक्टरनीही एक फोड तोंडात टाकली आणि पुढं ओढलेला कागद मागं सारला.

मंगलानं मला बाहेर काढून माझी नळी उजेडाकडं धरली. इन्स्पेक्टर आरपार पाहून म्हणाले, "रिकामी. जाऊ द्या."

संत्र्यांची जागा मोकळी पडली होती. मी आत खडखडू नये म्हणून मंगलानं तणस नीट दाबून, वर रघुनाथरावांची रजई घालायची परवानगी मागून घेतली. हमालानं त्याच पान्याच्या पाठीनं खिळे ठोकले. मी विमानाच्या पोटात गेले.

विमानाच्या पोटात फार थंडी असते. शेजारी एक नवीकोरी सुटकेस होती, लग्नातली असावी. सारखी माझ्यापासून अंग चोरत होती. दुसऱ्या बाजूला एक जुनी वळकटी होती, ती मात्र मोकळ्या स्वभावाची. "तुम्ही संत्री का?" तिनं विचारलं. मी हो म्हटलं. दोन तासांची ओळख, कशाला तिला घाबरवायचं!

दिल्लीत पोहोचेपर्यंत दिवस मावळला. मुक्कामाच्या खोलीत मंगलानं मला उघडलं. हात लावताच तिला चिकट लागलं. तिनं ओल्या फडक्यानं पुसलं, तेल लावलं, पण खाचेच्या स्क्रूत गेलेला रस वाळून घट्ट झाला होता. पान्याच्या धक्क्यानं खाच किती सरकली, ते अंधारात कळण्यासारखं नव्हतं.

"काय करून राहिली?" रघुनाथरावांनी रजईतून विचारलं.

"काही नाही मामाजी. पुसून राहिली."

पान्याचा धक्का कुणी दिला, हे तिला चांगलं माहीत होतं. ते तिनं त्यांना आजतागायत सांगितलेलं नाही.

सकाळी धुकं होतं. रेंजवर माझ्या आजूबाजूला ज्या रायफली आल्या, त्यांच्याकडं मी बघतच राहिले. परदेशी, जाडजूड, रुबाबदार. त्यांच्यासाठी कुलपाचे खोके, आत मखमल. मी तणसातून निघालेली, अंगाला वास.

"इधर संतरा कौन छील रहा है?" शेजारच्या गादीवर झोपून नेम धरणारी एक मुलगी म्हणाली.

"कोई नहीं, हमारी रायफल है," मंगला म्हणाली.

सुरुवातीला सरावाच्या गोळ्या असतात. पहिली डावीकडं गेली. दुसरी डावीकडं. तिसरी त्यांच्याच शेजारी. मंगलानं नाणं लावून स्क्रू फिरवून पाहिला. तो हलेना. तिचे हात थंडीनं गारठले होते आणि स्पर्धा सुरू व्हायची सूचना झाली.

मागच्या कठड्यापाशी रघुनाथराव होते. "कशी हाय?"

"डावीकडं जाऊन राहिली मामाजी. स्क्रू अडकला."

"किती जाते?"

"सारखी तेवढीच. बोटभर."

"सारखी जाते ना? मंग तिच्यावर भरोसा ठेव. खोटं बोलते, पण एकच खोटं बोलते."

आजवर माझ्याबद्दल कुणी इतकं खरं बोललं नव्हतं. मंगलानं मला पुन्हा खांद्याला लावलं आणि काळं वर्तुळ सोडून त्याच्या उजवीकडं, कोऱ्या कागदावर नेम धरला. जिथं लागायला हवं तिथं बघायचंच नाही, आणि तेही एकदा नव्हे, शेवटच्या गोळीपर्यंत. जरा मन चळलं, डोळा मधल्या काळ्याकडं ओढला गेला, की गोळी डावीकडं. दोनदा तसं झालं. त्यानंतर ती थांबली, हात काखेत घालून ऊब घेतली आणि पुन्हा उजवीकडं बघू लागली. मी जमेल तितकी सरळ राहिले. माझ्याकडून तेवढंच होण्यासारखं होतं.

फळ्यावर गुण लागले. बक्षिसाच्या यादीत मंगलाचं नाव कुठंच नव्हतं. रघुनाथराव फळ्याकडं तोंड करून उभे होते. त्यांना पांढरं धुकंच दिसत असणार.

"वाच," ते म्हणाले.

मंगलानं खालून वर शोधत बोट नेलं, ते मध्ये थांबलं. ठरलेल्या गुणांची रेघ तिच्या नावाच्या खाली होती. थोडीशीच खाली, पण खाली.

"जमलं मामाजी."

त्यांनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. "मंग चाल," ते म्हणाले, "चहा घेऊ."

परवान्याची बदली उन्हाळ्यात झाली. सौंसरच्या ठाण्यात एकानं मला जमा करायचं आणि दुसऱ्यानं उचलायचं, असा रिवाज. रघुनाथरावांनी मला ठाण्याची लिखापढी करणाऱ्या मुन्शींच्या टेबलावर ठेवलं, पण त्यांचा हात माझ्या दस्त्यावरच राहिला. ज्यासाठी ते आंधळेपणानं दिल्लीपर्यंत गेले होते, ती गोष्ट होत होती. आणि हात काही निघत नव्हता.

"काका, हात काढा ना," मुन्शी म्हणाले. "तुमचा हात हाय तोवर हिच्या नावावर कशी लिहू?"

त्यांनी हात काढला. मंगलानं लगेच मला उचललं नाही. थोडा वेळ मी टेबलावर कोणाचीच नव्हते.

या गोष्टीला चार वर्षं झाली. पुढच्याच हिवाळ्यात रघुनाथरावांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. जाड चष्मा लागला आणि आता त्यांना भिंतीवरची मुंगी दिसते. "बंदूक होती तवा दिसे नाही," देवकाबाई म्हणतात, "आता दिसते त बंदूक सुनेची." ते हसतात. मंगला पांढुर्ण्याला मुलींना नेमबाजी शिकवते, मी सोबत असते. माझा स्क्रू नवा आहे, प्रकृती ठणठणीत आहे. कपाटाची किल्ली तिच्या कमरेला असते.

रविवारी सकाळी रघुनाथराव मला पुसायला मागतात. परवाना असलेल्या माणसासमोरच दुसऱ्यानं हत्यार हाताळावं, असं मुन्शींनी सांगून ठेवलं आहे आणि ते त्यांनी मनावर घेतलं आहे. म्हणून मंगला समोर पाटावर बसते. चुलीवर काहीतरी असतं, मुलांचे कपडे पडलेले असतात. ते फडकं घेऊन बसतात, दस्त्याला जवसाचं तेल चोळतात, नळीतून चिंधी ओढतात आणि उजेडाकडं धरून बघतात.

"झालं का मामाजी?"

"नळीत जरा मळ दिसून राहिला."

नळीत काही नसतं. मला ठाऊक आहे, तिलाही ठाऊक आहे. ती बसून राहते.

तेव्हा तुम्हा वाचणाऱ्यांना एवढंच विनवते. कधी सौंसरला आलात, तर आमच्या घरी जरूर या, चहा घ्या. फक्त रविवारी सकाळी हाक मारून मंगलाला पाटावरून उठवू नका. ती उठली की रघुनाथरावांना मला खाली ठेवावं लागतं.